गाडीचा रंग जपायचा तर आधी फडकं बदला

संध्याकाळी बोनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोलाकार चरे दिसले, तर ते बहुतेक सगळे गाडी पुसताना पडलेले असतात. एक बादली, एक फडकं आणि त्याच पाण्यात सोसायटीतल्या पंधरा-वीस गाड्या. दोन गाड्या पुसून होईपर्यंत त्या फडक्यात वाळूचे कण बसलेले असतात, आणि पुढच्या प्रत्येक गाडीवर ते वॉटर पेपरसारखं फिरतं. नव्या गाडीची सहा महिन्यांत चमक जाते ती यामुळे. मग 'रबिंग-पॉलिश' करून घेतलं जातं आणि आधीच पातळ असलेला थर आणखी पातळ होतो.

तो थर किती पातळ असतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. माणसाचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. क्लिअर कोटच्या वाट्याला येतात जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. चमक त्याच्यामुळे असते, आणि उन्हापासून खालचा रंग वाचवणारी द्रव्यंही त्यातच असतात. जोरकस कंपाउंडिंगच्या, म्हणजे खरखरीत पॉलिशने घासण्याच्या, एका फेरीत यातले ३-४ मायक्रॉन सहज जातात. म्हणून गाडीच्या अख्ख्या आयुष्यात ८-१० मायक्रॉनपेक्षा जास्त घासायचं नाही, असा हिशोब ठेवा.

धुणं

गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना धुवा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी जागच्या जागी वाळतं.

आधी चाकं. ब्रेकची काळी धूळ सगळ्यात खरखरीत असते, म्हणून चाकांचा ब्रश आणि बादली वेगळी ठेवा. मग पाइपने किंवा प्रेशर पंपाने वरपासून खालपर्यंत पाणी मारा आणि सुटी धूळ वाहून जाऊ द्या. ही पायरी टाळली तर पुढच्या मेहनतीचा उपयोग नाही.

आता दोन बादल्या घ्या. एकीत १० लिटर पाणी आणि १० ते १५ मिली कार शाम्पू (बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा), दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून आधी छत, मग काचा, बोनेट, डिकी आणि दारांचा वरचा भाग या क्रमाने सरळ रेषेत, न दाबता फिरवा. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ पाहा. तिथे साचलेली रेती एरवी रंगावर फिरली असती. मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो पुन्हा वापरू नका.

भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर दोन्ही नकोत. दोन्हींनी रंगावरचा वॅक्सचा संरक्षक थर निघून जातो, आणि पावडरचे न विरघळलेले दाणे घासतात ते वेगळंच.

पाणी आपोआप वाळू देऊ नका. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार असतात आणि थेंब वाळला की त्याचं पांढरं कडं उरतं. मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर अंथरा आणि हळूच ओढून घ्या. हे टॉवेल द्रवरूप डिटर्जंटमध्ये, सुती कपड्यांपासून वेगळे धुवा. फॅब्रिक कंडिशनर वापरलं तर ते पाणी शोषेनासे होतात.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते तेव्हा रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं द्रावण, कामाला येतं. बहुतेक द्रावणांचं प्रमाण १० लिटरला सुमारे ४० मिली असतं. पाच-सहा मायक्रोफायबर त्यात भिजवा, प्रत्येकाची चौपदरी घडी घाला म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात, आणि एका भागाला एकच बाजू वापरा. हे धुळीसाठी. चिखलाने माखलेल्या गाडीला पाणी मारावंच लागतं.

गाडी पुसायला रोज दादा येत असतील तर त्यांना रोज फक्त काचा पुसायला सांगा आणि रंगाला आठवड्यातून एकदाच, तेही पाणी मारून, हात लावायला सांगा. तुमच्या गाडीपुरती चार मायक्रोफायबर त्यांच्याकडे द्या. पैसे मात्र तेवढेच ठेवा. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं किंवा मेणाचा झाडण्याचा मॉप फिरवणं सगळ्यात वाईट, गाडी स्वतःची असो की दुसऱ्याची.

डाग, आणि ते काढायची घाई कुठे करायची

पक्ष्यांच्या विष्ठेला थांबू नका. ती आम्लधर्मी असते, आणि दुपारच्या उन्हात क्लिअर कोट तापून मऊ झाला की तिचा ठसा त्यात उमटतो. पण ओरबाडूही नका, तीत बियांचे कण असतात. गाडीत पाण्याची स्प्रे बाटली (अर्धा लिटर पाण्यात शाम्पूचे दोन-तीन थेंब) आणि दोन मायक्रोफायबर कायम ठेवा. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं डागावर ठेवून मग उचला.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांतला चिकटा माहीत असतो. तुडतुडे मोहोरावर बसतात आणि त्यांचा गोड स्राव खाली टपकतो. तो ताजा असताना कोमट पाणी आणि शाम्पूने निघतो. राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते. वाळलेल्या ठिपक्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं फडकं हलकेच फिरवा.

बेसमेंट पार्किंगमधला डाग मात्र वेगळ्या जातीचा. स्लॅबमधून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना घेऊन गाडीवर पडतं. हे पाणी तीव्र अल्कधर्मी असतं आणि वाळल्यावर दगडासारखा पांढरा ओघळ उरतो. नखाने किंवा कार्डाने खरवडलं की चरा पडलाच समजा. टिश्यू पेपर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ओघळावर चिकटवा आणि पाच ते दहा मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. चुना विरघळताना बारीक बुडबुडे दिसतात. धुवा, आणि गरज पडली तर तीन-चार वेळा पुन्हा करा. शेवटी शाम्पूने धुऊन घ्या. खाली मळकट छटा राहिली तर ती क्लिअर कोट खाल्ल्याची खूण आहे आणि पुढचं काम पॉलिशचं. जागा बदलून मिळेपर्यंत वर पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा करून घ्या.

बोअरच्या पाण्याच्या कड्यांना व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात, एक-दोन मिनिटं पुरे. डांबराला टार रिमूव्हर. थिनर वापरू नका, दुरुस्तीत लागलेला रंग त्याने मऊ पडून निघतो. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर तांबूस ठिपके दिसतात. ते रुतलेले लोखंडाचे कण असतात. आयर्न रिमूव्हर मारलं की ते जांभळे होऊन वाहतात. वाळायच्या आत धुवा.

दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, फक्त हळद-कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढा. झेंडूचा हार तारेने बांधलेला असेल तर ती तार ग्रिलवर आणि बोनेटच्या कडेवर घासते, म्हणून दोऱ्याने बांधा आणि दुसऱ्या दिवशी काढा.

चरे घालवणं

आधी परीक्षा. चऱ्यावर पाणी लावा. तो दिसेनासा झाला तर क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल किंवा पुसट होईल. नख अडकत असेल तर पॉलिशने जाणार नाही, त्याला टचअप, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरणं, लागतं.

दुसरी परीक्षा धुतलेल्या गाडीची. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण उचलणारी मऊ माती, घ्या. ५० ग्रॅमचा तुकडा चपटा करा, शाम्पूचं पाणी भरपूर मारा आणि वजन न देता सरळ रेषेत फिरवा. तुकडा मळला की घडी घालून नवी बाजू काढा. खाली पडला की टाकून द्या. क्लेने स्वतःचे बारीक चरे पडतात, त्यामुळे पॉलिश करणार असाल तेव्हाच क्ले करा.

पॉलिशला ड्युअल अॅक्शन मशीन वापरा, ज्याचं पॅड फिरता फिरता हलतंही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन आणि लोकरी पॅड अननुभवी हातात क्लिअर कोट जाळतं आणि उन्हात हलणारे पट्टे, म्हणजे होलोग्राम, मागे ठेवतं. गॅरेजमधल्या रबिंगनंतर काळ्या गाडीवर दिसतात ते हेच.

बोनेट-दारांच्या कडा आणि घडीच्या रेषा मास्किंग टेपने झाका, कारण तिथे क्लिअर कोट सर्वांत पातळ असतो. मग दोन फूट लांबी-रुंदीचा नमुना-चौकोन करून बघा. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य जोडीने करा: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. चरे राहिलेच तर मध्यम पॅड, मध्यम पॉलिश. कंपाउंड अगदी शेवटी.

पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घ्या. मशीन बंद असतानाच साधारण ४५ सेंमीच्या चौकोनावर टेकवत पसरवा. मशीनचा वेग १-२ वर ठेवून चालू करा, मग ४-५ वर न्या. पॅड सपाट ठेवा, आधी उभे मग आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवत. हात सेकंदाला दोन-तीन सेंमी एवढाच सरकू द्या. अशा तीन-चार फेऱ्या पुरतात. पत्र्यावर तळहात ठेववत नसेल इतका तो तापला तर थांबा. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करा. पावडर उडू लागली किंवा धुरकटपणा आला तर बहुधा पॉलिश जास्त झालंय किंवा पॅड भरलाय.

पॉलिशमधलं तेल चरे झाकतं, म्हणून निकाल लगेच खरा मानू नका. डिस्टिल्ड पाण्यात १५-२० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुसा आणि मग टॉर्च धरा. दहापैकी आठ-नऊ चरे गेले की थांबा. उरलेले खोल आहेत आणि त्यांच्या मागे लागण्यात क्लिअर कोट जातो.

पॅडवर गाडीचा रंग उतरला तर दोन शक्यता. जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी असेल, क्लिअर कोट नसलेला साधा रंग असेल, तर ते स्वाभाविक आहे. अशा भुरकट पडलेल्या रंगाला पॉलिशने सुंदर तजेला येतो. क्लिअर कोटवाल्या गाडीत रंग उतरला, तर तो थर पार झालाय, ताबडतोब थांबा. छतावर पांढरे पापुद्रे सुटले असतील तर कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही, तो भाग रंगवावा लागेल. पेंटरला टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा क्लिअर कोट, लावायला सांगा आणि नव्या रंगावर महिनाभर वॅक्स किंवा कोटिंग चढवू नका.

वरचं संरक्षण

कार्नोबा वॅक्स आपल्या उन्हापावसात जेमतेम महिना-दोन महिने टिकतं, सिलंट, म्हणजे कृत्रिम संरक्षक थर, चार-सहा महिने. सिरॅमिक कोटिंग नीट लावलं तर दोन-तीन वर्षं. पण त्यावरचा '९ एच' हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मापाचा आहे. खडा लागून टवका उडणं कोटिंगने थांबत नाही, पाण्याचे डागही पडतात. कोटिंग चऱ्यांवरच चढवलं तर चरे आत कैद होतात. खड्यांपासून वाचवते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची. अख्ख्या गाडीचं बजेट नसेल तर बोनेटचा पुढचा भाग, बंपर आणि आरशांपुरती घ्या.

कव्हर धुळीच्या गाडीवर कधीच घालू नका, वाऱ्याने ते घासत राहतं. पावसाळ्यात ओल्या गाडीवर तर नकोच.

खड्याचा टवका

कोकण किनाऱ्यावर हे काम पावसाळ्याआधी उरका, खाऱ्या हवेत उघडा पत्रा झपाट्याने गंजतो. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा इंजिनखान्यातल्या पट्टीवर असतो, त्यावरून टचअप बाटली मिळते. टवका अल्कोहोलने पुसा. गंज असेल तर १००० नंबरच्या वॉटर पेपरचा बारीक तुकडा काडीच्या टोकाला चिकटवून फक्त तेवढंच घासा, वर प्रायमरचा ठिपका द्या. मग टूथपिकच्या टोकाने रंगाचे दोन-तीन पातळ थर, प्रत्येकात अर्ध्या तासाचं अंतर ठेवून. एकच जाड थेंब टाकला तर तो वरून सुकतो, आत ओला राहतो आणि नंतर आकसून खळगा पडतो. दुसऱ्या दिवशी क्लिअर कोटचा थेंब, किंचित उंच राहील एवढा. आठवडाभर गाडीला पॉलिश लावू नका, मग ओला २००० आणि नंतर ३००० नंबर पेपर फक्त उंचवट्यावर फिरवा आणि फिनिशिंग पॉलिशने हाताने चमक आणा.