टू-व्हील ड्राइव्हची फोर बाय फोर: आधी माप, मग पाना

स्वतंत्र चासी, मागच्या चाकांना ताकद आणि त्याच मॉडेलची कारखान्यातून निघालेली फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) आवृत्ती, या तीन गोष्टी जमत असतील तरच या कामाला हात घाला. इंजिन आडवे बसवलेल्या, पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीत हे काम करू नये. तिच्या फ्लोअरखाली प्रोपेलर शाफ्टला (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याला) जागा नसते, टाकी वाटेत येते आणि मागे डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) लटकवायला काहीच नसते. तिला फोर बाय फोर करायचे म्हणजे अर्धी गाडी नव्याने बांधणे होय. तुमची अडचण एवढीच असेल की चिखलात मागचे एक चाक गरगरते आणि दुसरे ढिम्म उभे राहते, तर आधी मागच्या डिफरन्शियलला लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप) आणि चारही चाकांना चांगले मड टायर लावून पाहा. पुष्कळांचे काम तेवढ्यावर भागते.

तरीही करायचेच ठरले, तर सुटे भाग गोळा करत बसू नका. त्याच मॉडेलची, इंजिन गेलेली किंवा बॉडी सडलेली आख्खी फोर बाय फोर गाडी घ्या, हीच डोनर गाडी. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) आणि पुढचा ॲक्सल सुटाही मिळतो. काम अडते ते किरकोळ वस्तूंवर: लिव्हर आणि तिच्या जोडकांड्या, क्रॉस मेंबर (चासीचा आडवा तुकडा) आणि त्याचे रबर माउंट, पुढच्या ॲक्सलचे ब्रेक पाइप, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा दांडा), स्पीडोमीटरचा सेन्सर, इंजिनचे ऑइल चेंबर. चेंबरचा विसर सगळ्यांना पडतो. बऱ्याच टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांत चेंबरचा खोल भाग नेमका तिथे असतो जिथे पुढचे डिफरन्शियल वर येते. फोर बाय फोर आवृत्तीचे चेंबर वेगळ्या आकाराचे असते. ते बदलताना आतली ऑइल खेचणारी जाळीची नळीही त्याच जोडीची घ्या, नाहीतर चढावर तिचे तोंड तेलाबाहेर येऊन ऑइल प्रेशर पडते.

गुणोत्तर

पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचे (डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या जोडाचे) गुणोत्तर एकच हवे. ४१ आणि १० दातांचा जोड ४.१० देतो, ३७ आणि ९ दातांचा ४.११. हा फरक पाव टक्क्याच्या आसपास आहे, मोकळ्या मातीत तो खपतो. पण पुढे ४.५६ आणि मागे ४.१० असेल तर दोन्ही ॲक्सल एकमेकांना ओढत राहतात. टायर घासतात, ट्रान्सफर केसची चेन ताणली जाते आणि शेवटी सगळ्यात कच्चा भाग तुटतो.

ॲक्सलच्या पट्टीवर लिहिलेला आकडा विश्वासाचा नसतो, आधीच्या मालकाने आतला जोड बदललेला असू शकतो. स्वतः मोजा. लॉकर नसलेल्या ॲक्सलचे एकच चाक उचलून स्टँडवर घ्या, बाकी चाकांना पाचर लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. उचललेले चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. चार फेरे आणि वर थोडेसे आले तर ४.१० च्या आसपास. नेमका आकडा कव्हर उघडून दात मोजल्यावरच कळतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे डोनर गाडीचा मागचा ॲक्सलही उचलणे, कारण ती जोडी आधीच जुळलेली असते. चारही टायर एकाच मापाचे हवेत. झिजलेले दोन आणि नवे दोन हाही गुणोत्तराचाच फरक आहे.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस

टू-व्हील ड्राइव्ह गिअरबॉक्सला मागे लांब शेपटी असते आणि तिच्यातून शाफ्ट थेट प्रोपेलरला जातो. फोर बाय फोर गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आखूड असतो आणि ट्रान्सफर केस त्याला चिकटून बसते. नुसती शेपटी काढून ट्रान्सफर केस लावता येत नाही, शाफ्ट बदलावा लागतो आणि त्यासाठी गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागतो. डोनरचा गिअरबॉक्स चांगला असेल तर तोच आख्खा चढवा. क्लच प्लेटच्या स्प्लाइनची (खाचांची) संख्या आणि बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या आवरणाचे) बोल्ट तुमच्या इंजिनाशी जुळतात का, हे आधी ताडून पाहा.

दुसरा मार्ग सुट्या ट्रान्सफर केसचा. ती गिअरबॉक्सपासून लांब, स्वतःच्या क्रॉस मेंबरवर बसते आणि मधे छोटा शाफ्ट असतो. यात तुमचा मूळ गिअरबॉक्स तसाच राहतो. मात्र गिअरबॉक्स रबरवर हलतो, म्हणून मधल्या शाफ्टला सरकता जोड लागतोच. तो नसला की गिअरबॉक्सचे मागचे बेअरिंग लवकर जाते.

माउंटमध्ये कसर नको. २०० न्यूटन-मीटरचे इंजिन, पहिला गिअर ४ आणि लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू, जास्त जोराचा गिअर) २.५ धरली तर ट्रान्सफर केसमधून २००० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क बाहेर येतो. त्या जोराच्या उलट दिशेने केस वळू पाहते. ब्रॅकेट चासीच्या उभ्या बाजूला बोल्टने जोडा, आतून जाड प्लेट द्या, बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे वापरा. चासीच्या वरच्या-खालच्या कडांवर आडवे वेल्डिंग करू नका, तडा तिथूनच सुरू होतो. कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार आणि ईसीयूचा (इंजिनच्या कंप्युटरचा) कनेक्टर काढा.

ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला पुढच्या ॲक्सलचा गोळा (डिफरन्शियलचा फुगीर भाग) हवा. हे चुकले तर पुढचा शाफ्ट इंजिनाखालून तिरका जातो आणि त्यावर उपाय नाही.

पुढचा ॲक्सल

गाडीखालून काहीही काढण्याआधी सपाट जमिनीवर चारही चाकांचे हबपासून मडगार्डपर्यंतचे अंतर, व्हीलबेस आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजचा कोन लिहून ठेवा. पुढे जुळणी करताना पदोपदी हेच आकडे लागतात.

मूळ गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल आणि डोनरलाही तसेच असेल, तर डिफरन्शियलचे माउंट चासीवर आहेत का ते बघा. काही गाड्यांत दोन्ही आवृत्त्यांची चासी एकच असते आणि भोकेही तयार मिळतात. पाट्यांवरच्या (लीफ स्प्रिंगच्या) सरळ ॲक्सलमध्ये पाट्यांची बैठक बदलावी लागते आणि खरी मेहनत तिथे आहे. कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) साधारण ४ ते ६ अंश ठेवा. पिनियनचे तोंड वर करायला ॲक्सल फिरवला तर कॅस्टर तेवढाच कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भटकू लागते. दोन्ही जमत नसतील तर कॅस्टर राखा आणि शाफ्टला ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन जोड (एकाच टोकाला दोन क्रॉस असलेला) लावा.

जागा पुरते का, हे पाटे पूर्ण बांधण्याआधीच तपासा. मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढा आणि ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सलला वर अडवणाऱ्या रबरापर्यंत) वर दाबा. गोळा चेंबरला, टाय रॉड पाट्याला, टायर मडगार्डला लागतो का ते बघा. हेच स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पुन्हा करा. मग ॲक्सल पूर्ण खाली सोडून ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, हे पाहा. ब्रेकचा मास्टर सिलेंडरही डोनरचाच बसवा, कारण पुढच्या कॅलिपरचे पिस्टन वेगळ्या मापाचे असू शकतात.

शाफ्ट

प्रोपेलर शाफ्टची लांबी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच मोजा. सरकत्या जोडात आत जायला साधारण २५ मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. ॲक्सल पूर्ण खाली लोंबला तरी निदान स्प्लाइनच्या व्यासाएवढी पकड उरली पाहिजे. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एकाच पातळीत हवेत. साध्या क्रॉसच्या शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे लागतात, अंशभराचा फरक चालतो. डबल कार्डनला मात्र पिनियनने थेट ट्रान्सफर केसकडे पाहावे लागते. शाफ्ट कापून जोडल्यावर बॅलन्सिंग करून घ्या.

तेल आणि चाचणी

हायपॉइड डिफरन्शियलला (ज्यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून सरकलेला असतो) जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल. ट्रान्सफर केसला मात्र तिच्या मॅन्युअलमधले तेलच: गिअरवाल्यांना बहुधा गिअर ऑइल, चेनवाल्यांना अनेकदा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेल). चेनवाल्या केसमध्ये जाड तेल भरले तर ते वरच्या बेअरिंगपर्यंत वेळेत पोचत नाही.

पहिली चाचणी चारही चाके स्टँडवर घेऊन, इंजिन आयडलला. पुढची आणि मागची चाके एकाच दिशेने फिरतात का हे डोळ्यांनी बघा. न जुळणारा ॲक्सल लावला तर पुढची चाके उलटी फिरतात, आणि हे जमिनीवर कळले तर काहीतरी तुटूनच कळते. मग मोकळ्या मातीत चालवा. सेंटर डिफरन्शियल नसलेल्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये डांबरी रस्त्यावर पुढचा ॲक्सल जोडू नका. वळणात पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक डांबरावर घसरून निघत नाही आणि शाफ्टांना पीळ बसतो.

वेगाबरोबर वाढणारी थरथर शाफ्टच्या कोनामुळे किंवा बॅलन्समुळे येते. जोर दिल्यावर लो रेंज निसटत असेल तर लिव्हरची कांडी पूर्ण टोकापर्यंत जात नाही किंवा माउंट वाकत आहे. लोमध्ये स्पीडोमीटर फुगवून दाखवत असेल तर सेन्सर गिअरबॉक्सवर राहिला आहे, तो ट्रान्सफर केसच्या आउटपुटला न्या. एबीएस असेल तर नव्या हबवर सेन्सरच्या दातेरी कड्यावरच्या दातांची संख्या जुन्याएवढीच हवी.

यू-बोल्ट १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, नवे पाटे बसले की ते सैल पडतातच. दोन्ही ॲक्सल आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना (हवा ये-जा करण्याच्या तोंडांना) नळी लावून ती बॉनेटखाली उंच न्या. तापलेला गोळा पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बुटका ब्रीदर थेट पाणी ओढतो. पहिल्यांदा पाण्यातून गाडी काढल्यावर तिन्ही प्लग उघडून तेल बघा. दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदला.

ड्राइव्ह बदलल्याची नोंद वाहन नोंदणी कार्यालयात आणि विम्यात करावी लागते. परवानगीची विचारपूस डोनर गाडी घेण्याआधीच करा.