व्हील बेअरिंग बदलताय? निदान या चुका तरी टाळा

गाडी ६० च्या पुढे गेली की खालून घूंऽऽ असा आवाज येतो, स्पीड वाढेल तसा वाढतो, आणि लोक लगेच नवीन व्हील बेअरिंग (दोन रिंगांमधल्या गोळ्या, ज्यांवर चाक फिरतं) मागवून मोकळे होतात. अरे, आधी आवाज कशाचा आहे ते तरी ठरवा. चालत्या गाडीत क्लच दाबा, इंजिन खाली आलं तरी घूंऽऽ तसंच राहिलं म्हणजे आवाज चाकांकडचा. मग रस्ता बदलला की आवाज एकदम बदलतो का बघा, बदलत असेल तर टायरवर तळहात फिरवा, खालीवर झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा ओरडतो. पुढचे टायर मागे टाकले आणि आवाजही मागे गेला तर बेअरिंगचा काही संबंध नाही. आणि वळताना कट-कट वाजतंय ते बहुतेक सीव्ही जॉइंटचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचं) असतं.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार, बाजू चुकवणं. आवाज पत्र्यातून फिरतो, कान फसतात. मावसभावाची गाडी होती, तो म्हणाला डावीकडून येतोय, शेजारी बसून ऐकलं तर मलाही डावीकडूनच वाटला, त्याला घाई होती म्हणून मीही जॅक न लावता हो म्हणालो. अख्खी दुपार गेली. गंजलेला नट, अडकलेला हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), आतली रिंग हबवरच राहिली ती ग्राइंडरने चीर पाडून छिन्नीने फोडली. नवीन बेअरिंग टाकून गाडी बाहेर काढली तर तोच आवाज, तसाच! परत येऊन काढलेल्या बेअरिंगची बाहेरची रिंग पुसून उजेडात धरली, आतून आरशासारखी, एक डाग नाही. चांगलं बेअरिंग मारलं आम्ही, कारण असं ओढून काढलेलं परत बसवता येत नाही. मग उजवं चाक उचललं, एका हाताने त्या चाकाची सस्पेन्शनची स्प्रिंग धरली आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं, तर स्प्रिंगमध्ये जात्यासारखी खरखर लागली. दोन मिनिटांचं काम होतं ते.

तेव्हापासून स्प्रिंगला हात लावल्याशिवाय मी पाना उचलत नाही. वळणावरची खूणही बघतो, डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजव्यावर संशय, कारण भार तिकडे जातो, पण नुसत्या तेवढ्यावर मी बाजू ठरवत नाही. चाक वर-खाली धरून हलवलं आणि प्ले (ढिलेपणा) लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) तपासा. आणि प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं असंही धरू नका, आवाज करणारी कितीतरी बेअरिंगं हाताला घट्टच लागतात.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे हातोडा. नकलमध्ये (ज्या भागाच्या भोकात बेअरिंग बसतं तो) बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर, हब दाबताना खालून आधार फक्त आतल्या रिंगला. हे उलटं केलं की सगळा जोर गोळ्यांमधून जातो, रिंगवर बारीक खळगे पडतात, डोळ्यांना काही दिसत नाही आणि थोड्याच दिवसांत नवीन बेअरिंग गुणगुणायला लागतं. मग कंपनीला शिव्या! जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग मी फेकत नाही, बाहेरून जराशी घासून ठेवतो, म्हणजे ती भोकात अडकत नाही आणि दाबायला अगदी मापाची मिळते. प्रेस नसेल तर नकल घेऊन प्रेसवाल्याकडे जा, त्यात कमीपणा काही नाही. व्हिडिओ बघून पहिल्याच दिवशी घणाने ठोकणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, नका करू.

बाकीचं पटकन सांगतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालू नका, खाली स्टँड लावा. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. नकलच्या भोकातला गंज साफ करा, नाहीतर बेअरिंग वाकडं बसतं. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी क्लिप) खाचेत पूर्ण बसली का बोट फिरवून बघा. एबीएसवाल्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकाची रिंग असते, ती सेन्सरकडेच हवी. कुठली बाजू ते कळत नसेल तर कागदाची पिन टेकवून बघा, चिकटेल ती. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागणार आणि परत सगळं काढावं लागणार.

शेवटी ॲक्सल नट, म्हणजे हबच्या मधोमधचा मोठा नट, इथे लोक इम्पॅक्ट गन लावून टर्रर्र करून सोडून देतात. बऱ्याच बेअरिंगमध्ये आतली रिंग दोन तुकड्यांची असते आणि ते दोन तुकडे हा नटच आवळून धरतो, म्हणून टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लागतोच. आकडा आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाने किंवा दुसऱ्या गाडीचा नको. मी चाक हवेत असतानाच, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावून तो पूर्ण आवळतो. त्याआधी गाडी जमिनीवर टेकवून ढकलायची नाही, हातभर सुद्धा. नट नवीनच घ्या, आणि कॉलरवाला असेल तर कॉलर ॲक्सलच्या खाचेत ठोकून बसवा.