तोफगोळ्यांचं चाचणी मैदान बंद होतंय, तिथलं प्रदूषण शोधायचं कसं

पर्यावरण इंजिनीअरिंग शिकून अमेरिकेत कन्सल्टिंग कंपनीत लागलेली आपली बरीच मुलंमुली आहेत, त्यांच्या वाट्याला कधीतरी लष्कराची बंद झालेली किंवा होऊ घातलेली साइट येतेच, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती बोअर मारायचे. माझं म्हणणं असं की बोअरचं नंतर बघू, आधी ठरवा की नेमकं काय शोधताय, ते तिथे आलं कशातून आणि तिथून जाऊ शकतं कुठे. या तीन गोष्टी कागदावर नसतील तर शंभर नमुने घेऊनही हातात काही लागत नाही, फक्त लॅबचं बिल लागतं.

उदाहरण म्हणून इंडियाना राज्यातलं जेफरसन प्रूव्हिंग ग्राउंड घेते, कारण त्यात जवळपास सगळेच प्रश्न एकत्र येतात. मॅडिसन गावाच्या उत्तरेला साधारण ५५ हजार एकर जागा. १९४१ पासून कारखान्यातून येणाऱ्या दारूगोळ्याच्या प्रत्येक लॉटमधले काही गोळे इथे खरोखर डागून बघायचे, नीट उडतात का, नीट फुटतात का. १९८८ मध्ये बंद करायच्या तळांच्या यादीत नाव आलं आणि १९९५ मध्ये बंद झालं. दक्षिणेकडे पूर्व-पश्चिम अशी तोफांची लांब रांग होती, तिच्या खालच्या बाजूला ऑफिसं, वर्कशॉप, गोदामं, आणि रांगेच्या उत्तरेला सुमारे ५० हजार एकरांत गोळे जाऊन पडायचे. त्यातच १९८४ ते १९९४ या काळात रणगाड्याच्या तोफेचे डिप्लिटेड युरेनियमचे (म्हणजे अणुइंधनाच्या कामाचा भाग काढून घेतल्यावर उरलेल्या, जड आणि कमी किरणोत्सारी युरेनियमचे) गोळे तपासले, त्यातलं सुमारे ७० हजार किलो युरेनियम उचललं न जाता जमिनीतच राहिलं.

आता नकाशा बघितल्यावर लगेच कळतं की ही एक साइट नाहीच, दोन आहेत. दक्षिणेकडचा भाग कुठल्याही जुन्या कारखान्यासारखा, तिथे ग्रीस काढायला वापरलेले टीसीईसारखे सॉल्व्हंट, डिझेलच्या जमिनीखालच्या टाक्या, कचऱ्याचे खड्डे, उरलेली तोफेची दारू जाळायच्या जागा हे शोधायचं. उत्तरेकडे स्फोटकांचे अवशेष, शिसं, युरेनियम आणि न फुटलेले गोळे. दोन्हीकडे एकच सॅम्पलिंग प्लॅन लावला तर दोन्हीकडे वाया जातो, आणि असे प्लॅन लोक खरंच करतात याचं मला फार वाईट वाटतं.

पहिले काही आठवडे कागदातच जाऊ द्या. कुठल्या तोफेवरून, कुठल्या वर्षी, काय डागलं, कुठल्या टप्प्यात पडलं याच्या नोंदी लष्कर ठेवतं, त्या मागा. जुने एअर फोटो मागा, १९४०-५० च्या दशकातले मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण आज जिथे झाडी दिसते तिथे तेव्हा काळा जळका चौकोन दिसतो आणि तोच तुमचा जाळायचा खड्डा असतो. मग तिथे काम केलेली म्हातारी माणसं शोधा. त्यांना 'प्रदूषण कुठे आहे' असं विचारलं की ती गप्प बसतात, बरोबरच आहे, त्यांनी आयुष्यभर इमानदारीत नोकरी केलेली असते. त्यांना विचारा, काका, शिफ्ट संपल्यावर उरलेल्या दारूच्या पिशव्या कुठे न्यायचात, पार्ट धुतलेलं पाणी कुठे ओतायचात, कुठला रस्ता पावसात बंद व्हायचा. मग बघा, नकाशावर बोट ठेवून एकेक जागा दाखवतात. जी जागा कुठल्याच कागदात नाही ती अशीच सापडते.

मग पदार्थांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की तो कसा वागतो. टीएनटी मातीला धरून बसतं आणि तुटत जातं. आरडीएक्स मातीला फारसं चिकटत नाही, पावसाबरोबर खाली भूजलात उतरतं आणि तिथे टिकतं. परक्लोरेट, म्हणजे दारूगोळ्यात आणि रॉकेटच्या इंधनात वापरला जाणारा क्षार, तर पाण्यात विरघळतं आणि पाणी जाईल तिकडे जातं. मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडवर कॅम्प एडवर्ड्सला हेच झालं, खाली वाळू आणि त्याखाली आख्ख्या भागाला पाणी पुरवणारा भूजलसाठा, त्यात आरडीएक्स आणि परक्लोरेट सापडलं, आणि १९९७ मध्ये ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, पिण्याच्या पाण्याच्या कायद्याखाली तिथला तोफांचा सराव थांबवला. अजून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, गोळा पूर्ण फुटला तर स्फोटक जवळजवळ सगळं जळून जातं, अर्धवट फुटला तर मात्र तुकडे आजूबाजूला विखुरतात. म्हणजे घाण मोठ्या खड्ड्यांतच असेल असं धरून चालू नका, फाटलेलं कवच आणि भोवती पांढरट-पिवळट खडे दिसले तर ती जागा जास्त महत्त्वाची.

जमिनीवर पाय ठेवण्याआधी यूएक्सओ टीमशिवाय, म्हणजे न फुटलेले गोळे शोधणाऱ्या तज्ज्ञांशिवाय, एक पाऊलही नाही. जेफरसनच्या उत्तर भागात न फुटलेले गोळे लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. मॅग्नेटोमीटर (जमिनीतलं लोखंड शोधणारं यंत्र) घेतलेला टेक्निशियन पुढे, तो झेंडे लावेल त्या पट्टीतूनच तुम्ही चालायचं, आणि बोअर मारताना दर दोन-एक फुटांवर थांबून भोकात सेन्सर सोडून बघायचं की खाली लोखंड नाही ना. लष्कराचा साधा नियम आहे, ओळखा, मागे फिरा, कळवा. गंजलेला पाइप वाटला तरी हात लावायचा नाही, लाथ मारायची नाही, बाजूला सरकवून फोटो काढायचा नाही. शेड्यूल कितीही मागे पडलं असलं तरी यावर वाद घालू नका, क्लायंट ओरडला तर ओरडू दे.

आता मातीचा नमुना, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. स्फोटक मातीत सारखं पसरलेलं नसतं, कणाकणांनी असतं, एका जागी वाटाण्याएवढा खडा आणि एक हात सोडून काहीच नाही. त्यामुळे एका ठिकाणची मूठभर माती उचलून लॅबला दिली की आकडा शून्य येतो किंवा भलताच मोठा, आणि दोन्ही खोटे. यावर उपाय म्हणजे मल्टी-इन्क्रिमेंट सॅम्पलिंग. आधी ठरवा की निर्णय केवढ्या जागेबद्दल घ्यायचाय, समजा तोफेसमोरची एक पट्टी, मग त्या पूर्ण पट्टीत नांगरटीसारखं जात-येत ठरावीक अंतरावर ३० ते १०० जागी छोट्या कोअररने (माती काढायच्या पोकळ नळीने) वरची दोन-तीन सेंटीमीटर माती घ्या आणि सगळी एकाच पिशवीत टाका, किलोभर किंवा थोडी जास्त भरते. वरचं वाळलेलं गवत, काडीकचरा झटकू नका, तोफेसमोर न जळलेल्या दारूचे कण त्याच थरात अडकलेले असतात. हे सगळं परत दोनदा करा, दरवेळी सुरुवात वेगळ्या कोपऱ्यातून, म्हणजे तीन पिशव्या होतात, आणि तिघींचे आकडे जवळ आले तरच भरवसा ठेवा.

पिशवी पाठवली की काम संपलं असं नाही. लॅबला स्पष्ट लिहून द्या की ईपीएची ८३३०बी पद्धत पाहिजे, म्हणजे आख्खी पिशवी सावलीत वाळवायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, पिठासारखी दळायची आणि मग पसरून सगळीकडून थोडं थोडं घेत १० ग्रॅम काढायचे. काही लॅब सरळ वरचा चमचाभर घेऊन मोकळ्या होतात, मग तुम्ही उन्हात शंभर वेळा वाकलात ते फुकट. जमलं तर कामाच्या आधी एकदा लॅबमध्ये जाऊन दळणारी मशीन स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.

पाण्याकडे बघताना आधी खडक बघा. जेफरसनच्या खाली चुनखडी आहे, भेगा आणि गुहा असलेली, बिग क्रीक नावाचा ओढा युरेनियमच्या पट्ट्यातून वाहत पश्चिमेला हद्दीबाहेर जातो आणि त्याच्या काठाने गुहा आहेत. अशा जमिनीत भूजल सगळीकडून सारखं झिरपत नाही, भेगांतून पळतं, त्यामुळे नकाशावर सुंदर चौकटीत मारलेल्या मॉनिटरिंग विहिरी कोरड्या खडकात बसू शकतात. आधी झरे शोधा, भेगांच्या रेषा काढा, मग विहिरीची जागा ठरवा. आणि ओढ्याचं पाणी फक्त छान कोरड्या दिवशी घेऊ नका, जोराच्या पावसात गढूळ पाणी वाहतं तेव्हाही घ्या, बरंचसं वाहून जाणं त्याच काही तासांत होतं. नमुना गाळलेला आणि न गाळलेला असा दोन्ही घ्या, ओढ्यातला गाळही घ्या.

युरेनियमचा गुंता वेगळाच आहे, कारण ते निसर्गातही असतं, माती, खडक, विहिरीचं पाणी सगळीकडे थोडं थोडं. नुसतं 'युरेनियम सापडलं' म्हणून काहीच सिद्ध होत नाही आणि लोक उगाच घाबरतात. त्यासाठी आयसोटोप, म्हणजे युरेनियमचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू, वेगळे मोजून घ्या. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३८ आणि युरेनियम-२३४ यांची किरणोत्सारी तीव्रता साधारण बरोबरीची असते, डिप्लिटेडमध्ये २३८ पाचपटीच्याही पुढे जातं. जेफरसनमध्ये हे गुणोत्तर ३ किंवा जास्त आलं तर गोळ्यातलं युरेनियम असल्याची खूण धरतात. मैदानाच्या वरच्या अंगाला, जिथे कधी गोळा पडलाच नाही तिथले नमुनेही हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार. जमिनीत पडलेले गोळे गंजून त्यांच्यावर पिवळी पूड धरते, ती पूड पाण्याबरोबर हलू शकते, म्हणून आज ओढा स्वच्छ आला तरी मॉनिटरिंग थांबवायचं नाही.

कॉन्ट्रॅक्ट सही करायच्या आधी लॅबची रिपोर्टिंग लिमिट बघा, म्हणजे ती कमीत कमी किती मोजून सांगू शकते. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची अमेरिकेतली मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, आरडीएक्ससाठी ईपीएची आयुष्यभराची आरोग्य सल्ला पातळी २ मायक्रोग्रॅम. लॅब १० च्या खालचं मोजूच शकत नसेल आणि रिपोर्टमध्ये आरडीएक्ससमोर 'आढळलं नाही' लिहून आलं, तर ते वाक्य शेजारच्या शेतकऱ्याच्या काही कामाचं नाही. तो रिपोर्ट तुमच्या सहीने जातो, हे विसरू नका.

आणि शेजारी हा या कामाचा अर्धा भाग आहे. जेफरसनचा उत्तरेकडचा बहुतेक भाग २००० पासून बिग ओक्स वन्यजीव अभयारण्य म्हणून चालतो, येणाऱ्याला आधी सुरक्षेची फिल्म दाखवून सही घेतात आणि मगच आत सोडतात, पण हद्दीबाहेर राहणाऱ्यांना कोण फिल्म दाखवणार. बंद होणाऱ्या तळांवर रेस्टोरेशन अॅडव्हायजरी बोर्डाच्या (साफसफाईवर सल्ला देणाऱ्या, स्थानिक लोक असलेल्या समितीच्या) बैठका होतात, त्या सगळ्यांना खुल्या असतात, तिथे प्लॅन पक्का व्हायच्या आधी जा, नंतर नाही. शिकारी कुठे हरणं मारतात, कुणाची विहीर किती खोल, कुठली पोरं कुठल्या डोहात मासे धरतात हे तिथेच कळतं आणि ते तुमच्या नकाशात आलंच पाहिजे. घरच्या विहिरीचा नमुना घेताना सॉफ्टनरच्या (पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या) आधीच्या नळातून घ्या, आणि निकाल आला की त्या घरमालकाला आधी द्या, साध्या भाषेत एका पानावर, मर्यादा किती, तुमच्या विहिरीत किती, पुढचा नमुना कधी, आणि प्रश्न असेल तर फोन कुणाला करायचा. त्या पानावर नंबर खरोखर फोन उचलणाऱ्या माणसाचा टाका.