आयाळीची तयारी: लहान चणीचा घोडा प्रदर्शनात उतरवण्याआधी

प्रदर्शनाला घोडा न्यायचं ठरलं की पहिला हात कात्रीकडं जातो, आणि खरं तर तीच सगळ्यात शेवटी लागते. आयाळ महिन्याला साधारण दोन सेंटीमीटर वाढते. चार बोटं जास्त कापली गेली की पुढचे तीन-चार महिने काही करता येत नाही. म्हणून तयारी दीड महिना आधी धरावी आणि त्यातले चार आठवडे कात्री पेटीतच राहू द्यावी. आपल्याकडं जत्रा-प्रदर्शनांचा हंगाम मार्गशीर्षात सुरू होतो. पुसेगाव, म्हसवड, पौषात पाल. त्या हिशेबानं दिवाळीच्या आसपास कामाला लागायचं, आणि नेमकी तेव्हाच आयाळीची अवस्था वाईट असते. पावसाळाभर भिजलेली, गोखरू आणि कुसळांनी भरलेली, मुळाशी कोंडा धरलेली.

आधी कातडी बघा. आयाळ दोन्ही बाजूंना उलटून मुळापर्यंत उजेडात बघायची. गोल, केस गेलेला, खवल्यांचा चट्टा दिसला तर गजकर्णाचा संशय धरून खरारा, फणी आणि झूल वेगळी करा, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा आणि प्रदर्शन विसरा. ते एका ब्रशानं अख्ख्या तबेल्याला होतं आणि माणसालाही लागतं. केस अर्धे तुटलेले, मुळाशी जाड वळ्या पडलेल्या असतील तर घोडा खांबाला मान घासतोय. पावसाळ्यात आणि नंतर हे बहुतेक वेळा चिलटांमुळं होतं. चिलटांचा त्रास तिन्हीसांजेला आणि पहाटे जास्त. त्या वेळी घोडा आत बांधून पंखा लावला तरी फरक पडतो, कारण वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही. मुळाशी गोचीड सापडली तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी घरात असलेलं अमिट्राझचं औषध घोड्याला लावायचं नाही. त्यानं घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटशूळ उठतो. गोठा आणि तबेला शेजारी असला की बाटलीही एकच वापरली जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

याच फेरीत धनुर्वाताची लस झाली आहे का, ते वहीत बघून घ्या. पुढं कात्री, क्लिपर (केस कापायचं यंत्र), पत्रा, खिळा यांतलं काहीतरी लागणार, आणि धनुर्वाताच्या बाबतीत घोडा फार नाजूक जनावर.

गुंता सोडवायला बसताना घाई नको. रुंद दातांची फणी, बोटं आणि थोडं केसांचं सीरम. कोरड्या गुंत्यात फणी घातली की केस मधेच तुटतो, आणि तुटलेले आखूड केस प्रदर्शनाच्या दिवशी मानेवर उभे राहतात. खालच्या टोकापासून सुरुवात, वर वर सरकत जायचं, आणि बटेचं मूळ दुसऱ्या हाताच्या मुठीत धरायचं म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. गोखरू दाबून चुरडू नये, त्याचे काटे आणखी पसरतात. खोबरेल तेलाचे चार थेंब लावून एकेक केस त्यातून मोकळा करावा. कुसळं आयाळीपेक्षा कपाळावरच्या झुलप्यात जास्त अडकतात आणि तिथून डोळ्यात जातात, म्हणून झुलपं रोज बघायचं. खोबरेल तेल या टप्प्यावर चालतं, नंतर नाही. तेलकट आयाळीवर पाचगणीकडची लाल माती अशी बसते की पांढरा घोडा मानेपुरता तांबूस दिसायला लागतो.

धुणं. आठवड्यातून एकदा पुरे, रोज धुतलं तर कातडीचं तेल जातं आणि कोंडा वाढतो. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण दोन्ही बाद. चमक त्या दिवशी दिसते, खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते. साधा सौम्य शाम्पू चमचाभर घेऊन तांब्याभर पाण्यात आधी कालवायचा, मग तो मुळाशी बोटांनी चोळायचा. थेट बाटलीतून ओतलेला शाम्पू मानेच्या कण्यावर अडकून राहतो आणि नीट निघत नाही. रिठ्याचं पाणी चांगलं, पण डोळ्यात गेलं की घोडा पुन्हा डोक्याला हात लावू देत नाही. शिकेकाई काळ्या, कुमैत (तांबूस-तपकिरी) घोड्याला ठीक. पांढऱ्या आयाळीवर तिची झाक राहते. पांढऱ्या केसांसाठीचा जांभळा शाम्पू वापरायचा तर दोन-तीन मिनिटांत धुऊन टाकायचा, नाहीतर आयाळ फिकट जांभळी होते. नीळ घालण्याच्या भानगडीत पडू नये.

जत, आटपाडीकडं बोअरचं पाणी जड असतं. फेस येत नाही, धुतल्यावर केस राठ राहतात आणि लोक शाम्पू वाढवत नेतात. वाढवायचा नाही. शेवटच्या पाण्याला अर्ध्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून आयाळीवर सोडायचं, मग साध्या पाण्यानं एकदा खंगाळायचं.

आयाळ एका बाजूला बसवणं हे तीन-चार आठवड्यांचं काम. रिवाज उजव्या बाजूचा आहे, पण आयाळ जन्मजात डावीकडं पडत असेल तर तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. अर्धी इकडं आणि अर्धी तिकडं मात्र नको. रोज ओल्या ब्रशानं मुळापासून एका बाजूला दाबायची आणि हट्टी भागात सैल वेण्या घालायच्या. वेणीचा पहिला पेड मुळापासून बोटभर खाली सुरू करा. मुळाशी घट्ट घातलेली वेणी ओढते, घोडा घासतो, आणि बसवायला घेतलेली आयाळ खांबाला चिकटून राहते. वेण्या चार-पाच दिवसांनी सोडून पुन्हा घालायच्या.

क्लिपरची सवय याच काळात लावायची. पहिले दोन-तीन दिवस बंद क्लिपर मानेवर फिरवा, मग चालू करून चार हात लांब धरा, मग चालू क्लिपर हातात असताना दुसरा हात मानेवर ठेवा म्हणजे थरथर तुमच्या हातातून पोचते. डोकं खाली आलं, ओठ सैल झाले की लगेच बंद. कान पिळून धरणारे मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारे) अजून भेटतात. त्यानं त्या दिवसाचं काम होतं आणि घोडा जन्मभर कानाला हात लावू देत नाही. अंगानं लहान म्हणून मिनिएचर, म्हणजे बुटक्या जातीच्या, घोड्याला दाबून धरायचा मोह होतो. त्याचा लाथेचा टप्पा मात्र बरोबर तुमच्या गुडघ्याच्या उंचीला असतो.

आता कानामागची पट्टी. लगामाचा डोक्यावरून जाणारा पट्टा जिथं बसतो, तिथली आयाळ साफ करतात, म्हणजे पट्टा सपाट बसतो आणि घशाची रेघ उठून दिसते. मापाची नेहमीची रीत अशी: कान हलकेच मागं मानेवर टेकवायचा, टोक जिथं येतं ती हद्द. मारवाडी, काठेवाडी रक्ताच्या घोड्यांचे कान टोकाला आत वळलेले असतात, तिथं हे माप फसतं. त्यांच्यात पट्ट्याच्या रुंदीहून दोन बोटं जास्त धरावीत आणि थांबावं. अमेरिकेत मिनिएचरची पट्टी बरीच लांब नेतात, मान लांब आणि बारीक दिसावी म्हणून. आखूड, जाड मानेच्या घोड्याला ते खुलतंही. पण पहिल्यांदा करणाऱ्यानं आधी कानाच्या मापाच्या निम्मीच पट्टी काढावी, दहा पावलं मागं जाऊन बाजूनं बघावं आणि मग वाढवावी. मागं सरकलेली हद्द पुन्हा पुढं आणायला वर्ष जातं, आणि मधल्या काळात ते केस झाडूसारखे उभे राहतात.

कापण्याआधी हद्दीपलीकडची आयाळ रबरानं बांधून बाजूला घ्या. चुकून पात्याखाली येणारी बट नेहमी तीच असते. झुलप्याची हद्दही ठरवा. पट्टी कानांच्या मागून सुरू होते, कानांच्या मधले केस झुलप्याचे. तिथं घुसलात की झुलपं निम्मं होतं. पातं 10 नंबरचं घ्या, ते दीड मिलिमीटर केस ठेवतं. 30 किंवा 40 नंबरचं पातं कातडीपर्यंत जातं. गोऱ्या कातडीवर उन्हानं भाजतं आणि पट्ट्याखाली चोळण होते. प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी कापलं की पात्याच्या रेघा बुजतात. केस धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवेत: धुळीनं पातं बोथट होतं आणि ओल्या केसात ते अडकून ओढतं. दर पाच मिनिटांनी पातं मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसला तर थांबा आणि तेल द्या. घोडा अचानक नाचायला लागला तर बहुतेक वेळा पातं तापलेलं असतं. शेतावरच्या विजेच्या वेळांवर विसंबू नका, बॅटरीचा क्लिपर आदल्या रात्री चार्ज करून ठेवा. अर्ध्या पट्टीवर लाईट गेली तर उरलेला घोडा कुणाला दाखवणार? वायरचा क्लिपर ओल्या फरशीवर तर चालवूच नका. नाल ठोकलेल्या घोड्याला विजेचा झटका माणसापेक्षा लवकर लागतो.

मिनिएचर घोड्याच्या बाबतीत आयाळीचं दुसरं टोकही महत्त्वाचं. 1978 साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमात उंची 34 इंचांपर्यंत चालते, आणि ती खांद्याच्या उंचवट्यावर नाही, आयाळीचे शेवटचे केस जिथं उगवतात तिथं मोजतात. म्हणून त्या टोकाला कात्री, क्लिपर, उपटणं काहीही करायचं नाही. मापाच्या जागेशी छेडछाड केल्याचा संशय आला की बाकीची सगळी मेहनत वाया.

आयाळ दाट असेल तर विरळ करावी लागते. पार्लरमध्ये वापरतात तशी दातेरी कात्री घ्या, आयाळ वर उचला, आणि खालच्या थरात, मुळापासून चार बोटं सोडून, उभी कात्री चालवा. दोन वेळा चालवली की फणी, मग बघा. वरच्या थराला हात लावला तर आखूड केस पृष्ठभागावर टोचल्यासारखे बाहेर येतात. उपटून विरळ करणारे पाच-सहा केस एका वेळी, व्यायामानंतर अंग गरम असताना काढतात; काही घोडे सोसतात, काही नाही, आणि न सोसणाऱ्याशी हट्ट करू नये. लांबी सारखी करताना कात्री आडवी धरून सरळ रेघ मारायची नाही. टोकं हातात घेऊन कात्री उभी, टोकाकडून वर, थोडी थोडी. सरळ कापलेली आयाळ लांबूनही ओळखू येते.

कानाच्या आतले केस राहू द्या, माशा-चिलटांना तेच अडवतात. कान मिटून कडेबाहेर आलेले तेवढे कापा. ओठांवरच्या आणि डोळ्याभोवतीच्या लांब मिशा काही जण अजून भादरतात. घोडा त्यांनी चाचपतो, आणि 1 जुलै 2021 पासून आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या स्पर्धांत त्या कापलेला घोडा चालत नाही. मानेवर भोवरा असेल तर तो झाकायला केसांची कलाकारी करू नका. देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) बघणारा माणूस केस बाजूला सारूनच बघतो.

शेवटची आंघोळ दोन दिवस आधी. त्याच सकाळी धुतलेली आयाळ फुगते, घसरते, वेणीत राहत नाही. आदल्या रात्री सैल वेण्या, खाली स्वच्छ कडबा किंवा भुसा, आणि जवळपास हळद नको. हळदीचा डाग पांढऱ्या आयाळीतून निघत नाही.

सकाळी टेम्पोतून उतरवल्यावर वेण्या सोडा, बोटांनी उलगडा, मग मऊ ब्रश. सीरम हातावर घेऊन फक्त मधल्या आणि खालच्या केसांना. मुळाशी लागलं तर आयाळ चपटी, तेलकट दिसते, आणि मानेवर लागलं तर मोरकी (डोक्यावर घालायचा धरायचा पट्टा) सरकते. रिंगणाबाहेर उभ्या राहणाऱ्याच्या खिशात ओलं फडकं, मऊ ब्रश आणि दोन रबरं असावीत. डॉक्टरांचा दाखला आणि लसीची नोंद वेगळ्या पिशवीत. आत शिरताना झुलपं मोरकीच्या पट्ट्याखाली अडकलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या.

परत आल्यावर रबरं त्याच रात्री काढायची, सीरम दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यानं धुऊन टाकायचं. रबर आठवडाभर राहिलं तर त्या जागी केस तुटतो. पट्टीवर केस टोचायला लागले की घोडा घासतो, तेव्हा चार-पाच दिवस तिथं थोडं खोबरेल लावा, आणि ब्रश, फणी, पाती धुऊन उन्हात वाळवूनच पेटीत ठेवा.