पॅरालीगल व्हायचंय? सुरुवात जिल्हा कोर्टातून करा

पॅरालीगल म्हणजे वकील नसूनही कायद्याच्या कामात मदत करणारा माणूस. वकिलीची डिग्री नाही म्हणून कायद्याच्या कामात शिरता येत नाही असं काही नाहीये, गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं, तिथे जाऊन पॅरालीगल व्हॉलंटियरची भरती कधी आहे ते विचारा. शक्यतो दहावी पास लागतं, ट्रेनिंग तेच देतात. पगार नसतो, कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं, त्यामुळे हातातली नोकरी लगेच सोडू नका. पण अर्ज लिहून देणं, लोकांना लोकअदालत समजावणं, हे सगळं प्रत्यक्ष शिकायला मिळतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ आधी नीट वाचा, उत्पन्न कितीही असलं तरी बाईला मोफत वकील मिळू शकतो आणि कित्येक जणींना हे माहीतच नसतं हो! मराठी टायपिंगही शिकून घ्या, पुढे वकिलांच्या ऑफिसात काम मागताना खूप उपयोगी पडतं.