आजोबांच्या कीर्तनाची सीडी पुन्हा वाजली

परभणीच्या घरी आजोबांच्या कीर्तनाची सीडी सापडली, पण तिसऱ्या मिनिटाला अडकायची. उजेडात तिरकी धरली तर चकचकीत बाजूवर बारीक ओरखडे. लेबलची बाजू शाबूत होती, हे नशीब! माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. तिथं खरवडलं की उपाय नाही. खालचं पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिक) मात्र सुमारे १.२ मिलिमीटर जाड, थोडं घासलेलं सोसतं.

सीडी धुऊन सुती कापडानं टिपली. मग थोडी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) घेऊन मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ, हलक्या हातानं घासली. गोल मुळीच घासू नका. माहितीची रेषा गोल फिरत जाते, म्हणून गोल ओरखडा तिच्यावरूनच लांबवर जातो. सरळ ओरखडा ती रेषा फक्त आडवी छेदतो, तेवढी तूट प्लेअर भरून काढतो.

धुतली, वाळवली, लावली. आजोबांचा ‘पुंडलिक वरदे’चा गजर ऐकून आई रडलीच. त्याच रात्री सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं.