आरव्हीने झायन, ब्राइस, मॉन्युमेंट व्हॅली: आधी पाण्याचं आणि उंचीचं गणित

आरव्ही म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. ती घेऊन अमेरिकेतल्या लास व्हेगसहून झायन राष्ट्रीय उद्यान, कॅनाब गाव, ब्राइस राष्ट्रीय उद्यान, पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली आणि परत, हा फेरा चार जणांच्या कुटुंबाला आठ-नऊ दिवसांत निवांत होतो. ‘क्लास सी’ची (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली) 25 फुटी गाडी पुरते, त्याहून मोठी घेतली तर कॅम्पची जागा आणि पार्किंग दोन्ही मिळायला जड जातं.

गाडी ताब्यात घेताना छतावरच्या एसीसकट उंची आणि आरशांसकट रुंदी लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. झायनच्या पूर्वेकडे 1930 साली पूर्ण झालेला 1.1 मैलांचा बोगदा आहे. त्याची कमान कडेला खाली उतरते, म्हणून 11 फूट 4 इंचांहून उंच किंवा 7 फूट 10 इंचांहून रुंद गाडी आपल्या लेनमध्ये मावत नाही. भाड्याच्या बहुतेक आरव्ही या मापाबाहेरच्या असतात. तेव्हा बोगदा वगळूनच रस्ता आखा: हरिकेन गावाहून हायवे 59, पुढे ॲरिझोनातला हायवे 389, फ्रेडोनिया गावावरून कॅनाब. फोनवरचा नकाशा गाडीची उंची बघत नाही, तो जवळचा म्हणून बोगद्याचाच रस्ता दाखवेल. मेक्सिकन हॅट गावाच्या उत्तरेला हायवे 261 वरचा मोकी डगवे हा खडीचा घाटही तसाच टाळा.

आता पाणी. या गाडीत तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरी-शॉवरच्या सांडपाण्याची आणि संडासाची. स्वच्छ टाकी साधारण 150 लिटरची धरा, सांडपाण्याची बहुधा त्याहून लहान. म्हणजे पाणी संपण्याआधी सांडपाणीच भरतं आणि शॉवरच्या जाळीतून वर येतं. अंग ओलं करा, नळ बंद करून साबण लावा, मग धुवा. माणशी 8 लिटरांत अंघोळ आटोपते. कढई आणि ताटं आधी कागदाने पुसून घ्या. डाळीचं नि तेलाचं खरकटं टाकीत गेलं की उन्हात दोन दिवसांत वास मारतं. पिण्याचं पाणी वेगळं ठेवा: माणशी दिवसाला 4 लिटर, म्हणून चौघांना दोन दिवसांसाठी 19 लिटरचे दोन कॅन.

संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह कॅम्पवर पाइप जोडलेला असला तरी बंदच ठेवायचा. उघडा राहिला तर पाणी निथळून जातं आणि घट्ट मैला तळाशी वाळून बसतो. मग तो सहज निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली की डम्प स्टेशनवर (मैला-सांडपाणी सोडण्याच्या जागी) रिकामी करा: हातमोजे, आधी संडासाची टाकी, तो व्हॉल्व्ह बंद, मग सांडपाण्याची. त्या साबणाच्या पाण्यानेच पाइप धुऊन निघतो. शेवटी संडासात बादलीभर पाणी आणि टाकीचं औषध टाका. पिण्याच्या पाण्याचा पाइप तिथल्या नळाला कधीही लावू नका.

झायनच्या वॉचमन कॅम्पचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. तिथे काही जागांवर वीज आहे, पण जागेवर पाण्याची जोडणी नाही. टाकी भरूनच आत जा. 30 अँपच्या विजेच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम चालवले की ब्रेकर पडतो. जनरेटर गाडीच्याच पेट्रोलवर चालतो आणि पेट्रोलची टाकी पावपर्यंत उतरली की बंद पडतो. तेव्हा अर्ध्यावर आलं की पंप शोधा.

ब्राइसचा कडा 8,000 फुटांच्या वर आहे. तिथे पाणी सुमारे 92 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. कुकर न्याच, आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त काढा. मे महिन्यातही रात्री गोठणबिंदूखाली जातात. बाहेरचा पाण्याचा पाइप रात्री काढून ठेवा.

उतारावर ब्रेक दाबून धरू नका. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, वेग फार वाढला तर जोरात दाबून सोडा. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि पकडेनासा होतो. गाडीच्या बाजूला उलगडणारं सावलीचं कापड (ऑनिंग) जेवताना लावलं तरी फिरायला जाताना गुंडाळा, वाळवंटातला एकच झोत त्याचे दांडे वाकवतो.

जुलै ते सप्टेंबर अरुंद घळीत शिरण्याआधी हवामान बघा. डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, पण मैलोन् मैल दूर पडलेल्या पावसाचा लोंढा येतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात 11 जण गेले. आज तिथे वाटाड्याशिवाय जाता येत नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीतला 17 मैलांचा मातीचा फेरा आरव्हीला बंद आहे. तिथल्या नाव्हाहो आदिवासी वाटाड्याची जीप ठरवा. वेळ ठरवताना घड्याळ विचारून घ्या: उन्हाळ्यात ॲरिझोनातलं पेज नाव्हाहो भूमीपेक्षा एक तास मागे असतं.